ताप उतरला, गोळ्या उरल्या

कला शाखेच्या विद्यार्थिनीने औषधांवर लेख लिहावा, हे काही वाचकांना वावगे वाटेल. हा विषय खरे तर विज्ञान शाखेच्या मित्रांचा, किंबहुना डॉक्टरांचाच. पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे सातबारा असो, विजेचे बिल असो की गोळ्यांचे पाकीट, घरात आलेला प्रत्येक कागद शेवटी माझ्या हाती येतो. गल्लीतल्या बायकाही "पोरी, ह्याच्यात काय लिहिलंय बघ बरं" म्हणून पाकिटे घेऊन येतात. अक्षरे वाचता येणे निराळे आणि औषध समजणे निराळे. म्हणून आमच्या गावच्या आशाताई, प्राथमिक आरोग्य केंद्रातील मंडळी आणि ग्रंथालयातील पुस्तके यांच्याकडून हिवतापाच्या औषधांविषयी जे समजून घेतले, ते येथे मांडत आहे. हे वाचून कोणी स्वतःचा डॉक्टर होऊ नये. उलट स्वतःचा डॉक्टर होणे किती धोक्याचे आहे एवढे कळले तरी लेखाचे काम झाले.

कोयनेलचे दिवस

हिवतापाचा इतिहास आपल्या भागाला परका नाही. एकोणिसाव्या शतकात आपली हिंगोली निजामाच्या राज्यात होती आणि येथे हैदराबाद कंटिंजंटची लष्करी छावणी होती. त्याच राज्यातील सिकंदराबाद येथे २० ऑगस्ट १८९७ रोजी रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरांना डासाच्या जठरात हिवतापाचे जंतू सापडले. रॉस यांचा जन्मही आपल्याच देशातला, अल्मोड्याचा. हिवताप दलदलीच्या खराब हवेने होतो असे तोवर मानले जात होते. तो ॲनोफिलिस जातीच्या डासाची मादी चावल्याने पसरतो हे पुढे सिद्ध झाले आणि रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गंमत अशी की, रोग कशाने पसरतो हे कळण्याच्या कितीतरी आधीपासून त्यावरचे औषध माणसाच्या हाती होते. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाची साल तापावर गुणकारी ठरली होती. १८२० साली फ्रान्समध्ये पेलेतिए व कावांतू या दोघांनी त्या सालीतून क्विनीन वेगळे काढले. मराठी माणसाने त्याचे नाव 'कोयनेल' करून टाकले. इंग्रजी अमदानीत कोयनेलच्या पुड्या पोस्टात विकत मिळत. कोयनेलचा कडूपणा जुन्या लोकांच्या बोलण्यात अजून येतो. पण कडूपणा हा त्याचा सर्वांत लहान दोष होता. कानात गुणगुण होणे, ऐकू कमी येणे, चक्कर येणे, रक्तातील साखर उतरणे हे त्याचे खरे दुष्परिणाम. तापाने मरण्यापेक्षा कान वाजलेले बरे, या हिशेबाने लोक ते घेत.

१९३४ साली जर्मनीत हान्स आंडरझाग यांनी क्लोरोक्विन तयार केले. सुरुवातीला ते फार विषारी समजून बाजूला ठेवले गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्याची पुन्हा तपासणी झाली आणि योग्य मात्रेत ते चांगले औषध आहे असे ठरले. 'योग्य मात्रेत' हे दोन शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. तेच औषध एका मात्रेत तारते आणि दुसऱ्या मात्रेत मारते.

स्वातंत्र्य मिळाले तेव्हा आपल्या देशात वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप होई व सुमारे ८ लाख दगावत, असा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि १९५८ साली त्याचेच निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. डीडीटीची फवारणी आणि क्लोरोक्विनच्या गोळ्या यांच्या बळावर १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या सुमारे १ लाखावर आली. रोग संपलाच असे सर्वांना वाटले. पण ढिलाई झाली, डास डीडीटीला पुरून उरले, आणि १९७६ साली हा आकडा ६४ लाखांवर गेला. त्याआधीच, १९७३ साली, आसामातील कार्बी आंगलाँग भागात क्लोरोक्विनला दाद न देणारे जंतू आढळले होते. शत्रू पाठ फिरवतो आहे असे दिसताच आपण शस्त्र खाली ठेवले, असाच हा प्रकार झाला. देशाच्या पातळीवर जे घडले तेच घराघरांतून घडते, हे पुढे दिसेल.

ताप एक, जंतू दोन

आपल्याकडे हिवतापाचे मुख्यतः दोन जंतू आढळतात. एक व्हायव्हॅक्स आणि दुसरा फाल्सिपेरम. थंडी वाजून येणारा, एक दिवसाआड चढणारा 'एकांतरा' ताप बहुधा व्हायव्हॅक्सचा असतो. फाल्सिपेरम अधिक घातक. तो मेंदूवर गेला तर रोगी बेशुद्ध पडतो, झटके येतात आणि वेळेवर उपचार न झाल्यास प्राण जातो. गडचिरोलीच्या जंगल भागात या तापाने फार माणसे गेली आहेत. मात्र नुसता ताप पाहून जंतू कोणता हे सांगता येत नाही. त्यासाठी बोटातून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टीवर किंवा लहानशा तपासणी किटवर तपासावा लागतो. ही तपासणी सरकारी केंद्रात फुकट होते.

डास चावल्यावर जंतू आधी यकृतात म्हणजे काळजात जातात, तेथे वाढतात, मग रक्तात उतरून तांबड्या पेशी फोडू लागतात. पेशी फुटतात तेव्हा थंडी वाजून ताप येतो. येथवर दोन्ही जंतूंची रीत सारखी. परंतु व्हायव्हॅक्सचे काही जंतू यकृतातच झोपून राहतात. रक्तातले सगळे जंतू मेले, ताप उतरला, माणूस कामाला लागला, तरी हे झोपलेले जंतू काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जागे होतात आणि डास न चावताही ताप पुन्हा येतो. जमिनीवरची हराळी खुरप्याने काढली तरी खाली काशा राहिल्या की पावसाबरोबर ती पुन्हा फुटते, तसेच हे आहे.

म्हणून व्हायव्हॅक्सला दोन औषधे लागतात. क्लोरोक्विन तीन दिवस. ते रक्तातले जंतू मारते. प्रायमाक्विन चौदा दिवस. ते यकृतात दडलेले जंतू मारते. फाल्सिपेरमसाठी आर्टेमिसिनीन गटातील औषध दुसऱ्या औषधाच्या जोडीने तीन दिवस देतात. हे औषध चीनमधील एका वनस्पतीपासून निघाले. ते शोधून काढणाऱ्या तू यूयू यांना २०१५ साली नोबेल मिळाले. फाल्सिपेरमच्या रोग्याला प्रायमाक्विनची एकच मात्रा देतात, ती डासांमार्फत दुसऱ्याला रोग लागू नये म्हणून. म्हणजे जंतू बदलला की औषध बदलते, दिवस बदलतात, मात्रा बदलते. आपल्या वयाची आणि वजनाची भर त्यात आहेच. सरकारी कार्यक्रमातील फाल्सिपेरमच्या गोळ्यांची पाकिटे वयानुसार निरनिराळ्या रंगांची असतात, ती याच कारणाने. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मला लागू पडेल असे मानण्यात शहाणपण नाही.

पूर्वी गावात मलेरियाचा कर्मचारी येई, रक्त घेई आणि तापाच्या प्रत्येक माणसाला लगेच क्लोरोक्विनच्या गोळ्या देई. वडीलधाऱ्यांच्या मनात तीच पद्धत बसली आहे. आता तसे धोरण नाही. आधी तपासणी, मग औषध, असा नियम आहे. कारण तापाची कारणे अनेक. डेंग्यू आणि विषमज्वर यांवर हिवतापाच्या गोळ्यांचा उपयोग नाही.

कोणता त्रास सोसायचा, कोणता नाही

दुष्परिणाम हा शब्द ऐकला की आपले दोन पक्ष होतात. एक म्हणतो, गोळी गरम पडते, नकोच. दुसरा म्हणतो, सरकारी गोळीने काही होत नाही, खुशाल घ्या. दोन्ही पक्ष चुकतात. काही त्रास साधे असतात, ते सांभाळून औषध पुरे करायचे असते. काही त्रास धोक्याची घंटा असतात, तेथे औषध थांबवून ताबडतोब डॉक्टरांकडे जायचे असते. हा फरक ओळखता आला पाहिजे.

क्लोरोक्विनने मळमळ, उलटी, डोकेदुखी, अंगाला खाज, क्वचित अंधुक दिसणे असे त्रास होतात. बरेचसे त्रास उपाशीपोटी गोळी घेतल्याने वाढतात. दोन घास भाकरी किंवा पेजभात खाऊन, भरपूर पाण्याबरोबर गोळी घेतली की पुष्कळ फरक पडतो. पित्ताची गोळी बरोबर घेऊ नये, त्याने क्लोरोक्विन नीट शोषले जात नाही. दोहोंमध्ये चार तासांचे अंतर असावे. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर मनाने दुसरी न घेता आशाताईंना किंवा डॉक्टरांना विचारावे. ज्यांना फिट्स येतात, हृदयाचा, डोळ्याच्या पडद्याचा किंवा सोरायसिसचा विकार आहे, त्यांनी तो आधीच सांगावा.

सर्वांत गंभीर गोष्ट मुलांची. क्लोरोक्विनच्या एकदोन गोळ्याही रांगत्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. आपल्या घरांतून औषधे देवळीत, उशाखाली नाहीतर खिडकीत ठेवलेली असतात. ती मुलाच्या हाताला न लागतील अशा कुलुपाच्या जागी ठेवणे हा उपचाराचाच भाग आहे.

प्रायमाक्विनची गोष्ट वेगळी आहे. जेवणानंतर न घेतल्यास पोटात कळा येतात, जळजळ होते. हा त्रास सोसण्यासारखा आहे. पण काही माणसांच्या तांबड्या पेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे एक विकर जन्मतःच कमी असते. अशा माणसाला प्रायमाक्विन दिले की पेशी फुटू लागतात. लघवी गडद, चहाच्या किंवा कोकाकोलाच्या रंगाची होते. डोळे पिवळे पडतात. ओठ निळसर दिसतात. धाप लागते, अंगातले रक्त उतरते. हे कोडे १९५६ साली अमेरिकेत उलगडले. हा दोष आईकडून मुलाकडे येतो आणि पुरुषांत अधिक दिसतो. आपल्या राज्यात पारशी समाजात तो विशेष आढळल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे, पण तो कोणत्याही घरात असू शकतो आणि गोळी घेईपर्यंत माणसाला त्याचा पत्ताही नसतो. रक्ताच्या तपासणीने तो कळतो. तपासणी झाली नसेल तर चौदा दिवस रोज लघवीचा रंग पाहावा. वरीलपैकी एक जरी खूण दिसली तरी गोळी त्या क्षणी बंद करून दवाखाना गाठावा. गरोदर स्त्रीला आणि एक वर्षाच्या आतील बाळाला प्रायमाक्विन देत नाहीत. पोटातल्या बाळात हा दोष आहे की नाही हे कळायला मार्ग नसतो, हे त्याचे कारण. अंगावर पाजणाऱ्या आईनेही तसे आधी सांगितले पाहिजे.

फाल्सिपेरमच्या औषधाच्या जोडीला कधी सल्फा गटातले औषध असते. सल्फाने ज्यांना पूर्वी अंगावर चट्टे उठले असतील त्यांनी ते सांगावेच. तोंडात फोड, अंगाची साल निघणे ही धोक्याची लक्षणे होत.

एका कोनाड्यातील गोळ्या

हे सारे मी पुस्तकातून लिहिले असते तर लेख कोरडा राहिला असता. परंतु आमच्याच घरी याचा अनुभव आला. माझे चुलते मुंबईला इमारतीच्या कामावर होते. बांधकामाच्या जागी साठवलेल्या पाण्यात हिवतापाचे डास फार वाढतात. दिवाळीला ते गावी आले ते ताप घेऊनच. तपासणीत व्हायव्हॅक्स निघाला. तीन दिवस क्लोरोक्विन घेतले, ताप गेला. प्रायमाक्विन चालू होते, पण काका पहाटे उपाशीपोटी गोळी घेऊन हळदीच्या रानात जात. "पोटात नुसती आग व्हायलीय, आन् ताप तर गेला. मग कशाला खायच्या?" असे म्हणून पाचव्या दिवसानंतर त्यांनी गोळ्या बंद केल्या. नऊ दिवसांच्या गोळ्या कोनाड्यात जाऊन बसल्या. पैसा पडलेली वस्तू नसली तरी औषध फेकायचे कसे, ही आमच्या घरची रीत.

संक्रांतीच्या सुमारास ताप पुन्हा आला. अंगमोड, मजुरी बुडाली, सावकाराचे हप्ते थकले. गावात बोलू लागले की सरकारी गोळीत दमच नाही. गोळीत दम होता. चौदातले नऊ दिवस तिला कोणी कामच करू दिले नव्हते.

पुढची गोष्ट याहून मोठी. शिमग्याच्या आसपास माझ्या वहिनीला ताप आला. तिला पाचवा महिना होता. काकूंनी मायेने कोनाड्यातले पाकीट काढले. "तुझ्या सासऱ्याचा ताप ह्यानंच उतरला," म्हणत त्या पाणी आणायला उठल्या. त्याच वेळी गरोदर बायांच्या नोंदीसाठी आशाताई दारात आल्या होत्या. पाकीट पाहताच त्यांनी ते हातातून घेतले आणि म्हणाल्या, "काकू, ही गोळी हिला चालत नाही. अन् हिचा ताप हिवतापच आहे हे कुणी सांगितलं?" त्यांनी तेथेच बोटातून रक्त घेतले. हिवताप नव्हताच. दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यात नेले, दुसरे उपचार झाले आणि ती बरी झाली. बाळ सुखरूप आहे. काकूंच्या हेतूत खोट नव्हती, वहिनीही समजूतदार होती. घरात उणीव होती ती एवढीच की, उरलेले औषध हे औषध राहत नाही, हे कोणाला ठाऊक नव्हते.

चुलत्यांनी नंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने सगळा क्रम पहिल्यापासून घेतला. या वेळी रात्रीच्या जेवणानंतर गोळी, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक खूण. चौदा खुणा पुऱ्या झाल्या. पोटात आग झाली नाही.

अफवेचे औषध

अर्धवट माहितीचा फटका केवळ अडाण्यांना बसतो असे नाही. कोरोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये क्लोरोक्विनचे भावंड असलेल्या हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जगभर हवा झाली. लोकांनी दुकाने रिकामी केली. संधिवाताच्या व ल्युपसच्या ज्या रोग्यांना हे औषध रोज लागते त्यांना ते मिळेनासे झाले. शेवटी आपल्या सरकारला त्याच्या विक्रीवर कडक बंधन घालावे लागले. अमेरिकेत ॲरिझोना राज्यात एका गृहस्थाने माशांच्या टाकीसाठी असलेले क्लोरोक्विन फॉस्फेट घेतले आणि तो दगावला. जून २०२० मध्ये इंग्लंडमधील मोठ्या चाचणीने दाखवून दिले की, दवाखान्यात दाखल झालेल्या कोरोनाच्या रोग्यांना या औषधाचा फायदा होत नाही. सुशिक्षित देशात हे घडले, हे लक्षात घ्यावे.

आणखी एक गोष्ट आपल्या विद्यार्थी मित्रांसाठी. आपल्या शहरात राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक १२ आहे आणि भरतीची तयारी करणारे कितीतरी जण आपल्या वर्गात आहेत. पोलीस वा वन खात्यात गेल्यावर हिवतापाच्या जंगल भागात राहण्याची पाळी येऊ शकते. तेथे जाणाऱ्यांना रोग होऊ नये म्हणून डॉक्टर कधी डॉक्सिसायक्लिन, तर दीर्घ मुक्कामासाठी मेफ्लोक्विन देतात. डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्याबरोबर घ्यावे आणि लगेच आडवे होऊ नये, नाहीतर अन्ननलिकेला जखम होते. उन्हाने कातडीही लवकर भाजते. मेफ्लोक्विनने काहींना वाईट स्वप्ने, चक्कर, घबराट, उदासी असे मनाचे त्रास होतात. ज्याला पूर्वी मनाचा आजार वा फिट्स होत्या त्याने ते लपवू नये. नोकरी जाईल या भीतीने लपवलेली गोष्ट जिवावर येते.

थोडक्यात सांगायचे तर

१. ताप आला की आधी रक्त तपासावे, मग औषध.
२. पाकिटावर 'आर एक्स' ही खूण किंवा लाल रेघ असेल तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून घेऊ नये.
३. गोळी जेवणानंतर घ्यावी आणि सांगितलेले सगळे दिवस पुरे करावेत, ताप उतरला तरी.
४. गर्भारपण, अंगावर पिणारे बाळ, जुने आजार, चालू असलेली इतर औषधे आणि पूर्वीची ॲलर्जी हे न विचारताही सांगावे.
५. गडद लघवी, पिवळे डोळे, निळे ओठ, धाप, झटके, बेशुद्धी, न थांबणारी उलटी यांपैकी काहीही दिसले तर वाट पाहू नये. १०८ ला फोन करावा.
६. औषधाने त्रास झाल्यास तो कळवण्यासाठी केंद्र सरकारचा १८००-१८०-३०२४ हा मोफत क्रमांक आहे.
७. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला देऊ नयेत. आरोग्य केंद्रात परत कराव्यात.

२०३० पर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट सरकारने २०१६ साली ठरवले आहे. सिद्धेश्वर आणि इसापूरच्या पाण्याने आपली शेते भिजतात आणि पोटासाठी आपली माणसे मुंबई-पुण्याला जातात. तेव्हा पाणीही राहणार आणि ये-जाही राहणार. फवारणी सरकार करील, गोळ्याही देईल. पण चौदाव्या दिवसाची गोळी पोटात गेली की नाही हे सरकार पाहू शकत नाही. ते घरातल्यांनीच पाहायचे आहे. यासाठी माझी एक सूचना आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढील शिबिरात आपण झाडून काढलेल्या रस्त्यांबरोबर घराघरांतील कोनाडेही पाहावेत. उरलेल्या गोळ्या आरोग्यसेवकांच्या स्वाधीन कराव्यात आणि चालू औषधाच्या पाकिटावर पेनने, मोठ्या मराठी अक्षरांत लिहून द्यावे: कोणाचे, किती दिवस, जेवणानंतर. खर्च एका पेनचा आहे. प्राध्यापक महोदयांनी या सूचनेचा विचार करावा, ही नम्र विनंती.

— बी. ए. द्वितीय वर्ष